डॉ. रखमाबाई : सहवासाच्या सक्तीपुढे न झुकलेले आयुष्य

विवाहित व्यक्तीने जोडीदाराशी शरीरसंबंध ठेवण्यास नकार दिला, तर तो दोष मानावा की तिचा हक्क मानावा, हा प्रश्न भारतीय न्यायालयांना नवा नाही. जानेवारी २०२४ मध्ये जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका प्रकरणात पतीला घटस्फोट मंजूर केला. शारीरिक अक्षमता किंवा सबळ कारण नसताना जोडीदाराने दीर्घकाळ एकतर्फी नकार देणे ही मानसिक क्रूरता ठरते, असे या निकालाचे सूत्र होते. नकारामागे सबळ कारण कोणते आणि ते कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र या सूत्रातच दडलेला आहे.

हाच प्रश्न त्याआधी सुमारे १४० वर्षांपूर्वी मुंबईत एका विशीतल्या तरुणीने साऱ्या हिंदुस्थानापुढे उभा केला होता. तिचे नाव रखमाबाई. पुढे त्या डॉ. रखमाबाई या नावाने ख्यातकीर्त झाल्या. ज्या पुरुषाशी अकराव्या वर्षी आपले लग्न लावून देण्यात आले, त्याच्या घरी नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. न्यायालयाने सक्ती केली, तेव्हा तुरुंगात जाण्याची तयारी दाखवली. परंतु नकार मागे घेतला नाही.

बालपण आणि विवाह

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजातील एका सुखवस्तू घराण्यात झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे रखमाबाई अगदी लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई त्या वेळी जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. या समाजात विधवेने पुन्हा संसार मांडण्यास, म्हणजे पाट लावण्यास, रूढीची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विधुर गृहस्थांशी पुनर्विवाह केला. त्यापूर्वी दिवंगत पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. पुढच्या खटल्यात या मालमत्तेचा उल्लेख वारंवार होणार होता.

डॉ. सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतील नामवंत वैद्यकतज्ज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक. त्यांच्या घरात पुस्तके होती, सुधारक मंडळींची ये-जा होती आणि मुलीच्या शिक्षणाविषयी आस्था होती. तरीही रूढीचा दाब इतका होता की रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षीच झाले. वर होते दादाजी भिकाजी. ते सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले आणि सुमारे एकोणीस वर्षांचे होते. घरची स्थिती गरिबीची असल्याने दादाजींनी सासरी राहावे, शिक्षण घ्यावे आणि योग्य माणूस व्हावे, असे ठरले होते.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या. रूढीप्रमाणे लगोलग गर्भाधानाचा विधी होऊन पतिपत्नीचा सहवास सुरू व्हायचा होता. डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यास संमती दिली नाही. कोवळ्या वयातील शरीरसंबंध आणि मातृत्व यांचे परिणाम वैद्य या नात्याने ते जाणून होते. दादाजींना हा नकार रुचला नाही. शिक्षणातही त्यांचे मन रमले नाही. पुढे ते नारायण धर्माजी या आपल्या मामांच्या घरी राहावयास गेले. त्या घरातील वातावरण चांगले नव्हते. दादाजींची प्रकृती ढासळली, डोक्यावर कर्जही झाले.

रखमाबाई मात्र आईच्या घरीच राहिल्या. शाळा सुटली होती. परंतु घरच्या घरी वाचन सुरू राहिले. मिशनच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके वाचून त्यांनी इंग्रजीवर प्रभुत्व मिळवले. आर्य महिला समाजाच्या सभांना त्या जात असत. या वाटचालीत त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. दादाजींविषयी त्यांना कसलीही ओढ नव्हती. त्यांच्याबरोबर पत्नी म्हणून राहण्याची कल्पनाच त्यांना असह्य होती.

नांदण्याचा दावा

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलांमार्फत डॉ. सखाराम अर्जुन यांना पत्र पाठवून पत्नीला नांदावयास धाडण्याची मागणी केली. नकार मिळताच मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई या नावाने तो कायद्याच्या इतिहासात नोंदला गेला. खटला उभा राहण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. ज्यांच्या आधारावर त्या उभ्या होत्या, तो आधारच गेला.

दाव्याचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. पती अथवा पत्नी विनाकारण वेगळी राहत असेल, तर न्यायालयाने तिला पुन्हा सहवासास भाग पाडावे, ही कल्पना मूळ हिंदू धर्मशास्त्रातली नव्हती. ती इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आली होती. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात असा दावा हिंदुस्थानातही चालू शकतो, असा निर्णय दिला आणि मग तो उपाय येथे रुजला. खुद्द इंग्लंडमध्ये १८८४ साली कायदा होऊन अशा हुकुमाची अवज्ञा करणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची तरतूद रद्द झाली होती. हिंदुस्थानातील दिवाणी कायद्यात मात्र ती तशीच होती. ज्या शिक्षेतून इंग्लंडची स्त्री मुक्त झाली, तीच शिक्षा मुंबईच्या स्त्रीच्या डोक्यावर टांगती राहिली.

रखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा समावेश होता. पतीची हलाखी, त्याची प्रकृती आणि तो राहत असलेल्या घराची स्थिती ही कारणे न्यायालयापुढे मांडण्यात आली. या साऱ्यांपेक्षा वेगळा आणि अधिक मूलगामी असा एक मुद्दाही होता. समज येण्यापूर्वी, स्वतःच्या संमतीवाचून लावून दिलेल्या लग्नाने आपण बांधल्या जात नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते. स्त्रीच्या मनाविरुद्ध तिचा देह कोणाच्या स्वाधीन करता येतो काय, हा प्रश्न एका हिंदू पत्नीने स्वतःच्या नावाने न्यायालयात उभा केला होता.

न्यायमूर्ती पिन्हे यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पतिपत्नी पूर्वी एकत्र राहत असतील आणि नंतर विभक्त झाली असतील, तर पुन्हा एकत्र आणण्याचा प्रश्न येतो. येथे सहवास मुळात कधी झालाच नव्हता, मग पुन्हा तो सुरू करण्याचा हुकूम कसा देणार, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. असहाय वयात लग्न लावून दिलेल्या तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणे त्यांना क्रूरपणाचे वाटले.

महाराष्ट्रात उठलेले वादळ

या निकालाने महाराष्ट्राचे वैचारिक जग दुभंगले. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन पत्रे प्रसिद्ध झाली होती. लग्नाने मुलीचे शिक्षण कसे थांबते, तिची वाढ कशी खुंटते आणि तिच्या वाट्याला केवळ परावलंबन कसे येते, याचे रोखठोक वर्णन त्यांत होते. ती पत्रे रखमाबाईंची होती, हे पुढे उघड झाले.

बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्येच बालविवाहाच्या प्रश्नाला तोंड फोडले होते. त्यांनी व इतर सुधारकांनी रखमाबाईंची बाजू उचलून धरली आणि खटल्याच्या खर्चासाठी मदत उभी राहिली. गोपाळ गणेश आगरकरांची सहानुभूती त्यांच्या बाजूने होती. लोकमान्य टिळकांनी विरोधाची भूमिका घेतली. हिंदूंच्या कुटुंबव्यवस्थेत परक्या सरकारने व न्यायालयाने हात घालू नये, विवाह हा संस्कार असून पत्नीच्या नापसंतीने तो ढिला होत नाही, असा त्या बाजूचा युक्तिवाद होता. यात एक विसंगती होती आणि ती काहींच्या ध्यानातही आली होती. धर्मरक्षणाच्या नावाखाली ज्या उपायाचा आग्रह धरला जात होता, तो उपायच मुळी परदेशी होता.

अपिलात मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी मार्च १८८६ मध्ये पिन्हे यांचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. रखमाबाईंनी एक महिन्याच्या आत पतीकडे नांदावयास जावे, अन्यथा सहा महिने कैद भोगावी.

रखमाबाईंनी तुरुंगवास पत्करू, परंतु दादाजींकडे जाणार नाही, असे स्पष्ट सांगितले. एकीकडे पतीचे घर आणि दुसरीकडे कोठडी अशी निवड समोर आली असता एका घरंदाज स्त्रीने कोठडी निवडावी, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला हादरवून टाकणारी होती. त्यांनी व्हिक्टोरिया राणीकडेही दाद मागितली. राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात हिंदू विवाहाच्या कायद्यात मुलींच्या वयाची मर्यादा वाढवावी, अशी त्यांची विनंती होती. इंग्लंडच्या वृत्तपत्रांत खटल्याची चर्चा झाली. प्राच्यविद्यापंडित मॅक्स म्यूलर यांनी त्यांच्या बाजूने लिहिले. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात या निकालाची नोंद तीव्र खेदाने केली.

दादाजींनीही आपली बाजू छापून प्रसिद्ध केली. रखमाबाईंचा नकार हा त्यांचा स्वतःचा नसून आई आणि आजोबांनी मालमत्तेच्या लोभाने त्यांना फितवले आहे, असा त्यांचा आरोप होता. एखाद्या स्त्रीला एखादा पुरुष नकोसा वाटू शकतो आणि तो नकार तिचाच असू शकतो, हे मानावयास पुष्कळजण तयार नव्हते. नकारामागे कोणाची तरी फूस, शिक्षणाचा दुष्परिणाम किंवा पैशाचे गणित असलेच पाहिजे, अशी समजूत होती.

अखेरीस जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. त्यांनी पुढे दुसरे लग्न केले. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. परंतु कायद्याचे तत्त्व बदलले नव्हते; त्यांना मिळालेली मोकळीक पैसे मोजून मिळालेली होती.

वैद्यकाचे शिक्षण आणि सेवा

मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना वैद्यकाच्या शिक्षणासाठी प्रोत्साहन दिले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत दाखल झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेऊन मायदेशी परतल्या होत्या. परंतु १८८७ च्या प्रारंभीच, प्रत्यक्ष व्यवसायास सुरुवात करण्याआधी, त्यांचे अकाली निधन झाले होते. रखमाबाईंनी १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण केले. पुढे दीर्घकाळ रुग्णसेवा करणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्री डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते.

मायदेशी परतल्यावर १८९५ मध्ये त्यांनी सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. पडद्याआडच्या स्त्रिया पुरुष डॉक्टरपुढे येत नसत. बाळंतपणात, ज्वरात, जुन्या दुखण्यांत घराच्या चार भिंतींआड कित्येक जीव जात. अशा स्त्रियांसाठी रखमाबाईंचे रुग्णालय हा मोठा आधार झाला. दोन दशकांहून अधिक काळ सुरतेत काढल्यानंतर त्या राजकोट संस्थानाच्या जनाना रुग्णालयात रुजू झाल्या. एकूण सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी वैद्यकीय सेवा केली.

१९०४ मध्ये दादाजींचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाई पांढरे लुगडे नेसू लागल्या. ज्या नात्याला त्यांनी कधी मान्यता दिली नव्हती, त्या नात्याच्या अंताची खूण त्यांनी जन्मभर अंगावर बाळगली. न्यायालयात एवढा निर्धार दाखविणाऱ्या या स्त्रीलाही ज्या समाजात काम करावयाचे, त्याच्या रीतींशी काही तडजोड करावी लागली, असे यावरून दिसते. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १८८८ मध्ये मुक्त झाल्यापासून अखेरपर्यंतची सदुसष्ट वर्षे त्या एकट्या राहिल्या. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या. १९२९ मध्ये पडदापद्धती नाहीशी करण्याची गरज प्रतिपादन करणारी एक पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नकाराला नाव मिळाले

रखमाबाईंचा नकार एका विशिष्ट पुरुषाला होता. आजच्या काळातील एखादी ओळख त्यांच्या नावापुढे लावणे योग्य होणार नाही. परंतु त्यांनी जो हक्क मागितला, त्याची गरज ज्यांना सर्वाधिक भासते, अशा एका समूहाला गेल्या काही दशकांत नाव मिळाले आहे.

काही व्यक्तींना कोणाविषयीच लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा अगदी क्वचित वाटते. अशांना असेक्शुअल किंवा अलैंगिक म्हटले जाते. यात अनेक छटा आहेत. काहींना शरीरसंबंधांविषयी केवळ उदासीनता असते. जोडीदाराच्या सुखासाठी ते राजीही होतात. काहींना मात्र त्या कल्पनेचाच तिटकारा असतो. स्पर्श, जवळीक, इतकेच काय तर त्याविषयीचे बोलणेही त्यांना नकोसे होते. प्रेम, मैत्री, सहजीवन यांची आस मात्र त्यांच्यापैकी अनेकांना असते. या वृत्तीचे मूळ भीतीत किंवा एखाद्या आघातात असेलच असे नाही.

वैद्यकशास्त्राने या वृत्तीकडे दीर्घकाळ विकार म्हणून पाहिले. अमेरिकेतील संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ च्या आपल्या ग्रंथात लैंगिक प्रतिसाद नसलेल्या व्यक्तींसाठी एक्स असा वेगळा गट केला. परंतु त्याचा फारसा विचार झाला नाही. १९८७ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या विकारसूचीत लैंगिक तिटकाऱ्याचा स्वतंत्र विकार म्हणून समावेश केला. २००१ मध्ये डेव्हिड जे या अमेरिकन तरुणाने अलैंगिक व्यक्तींना एकत्र आणण्यास प्रारंभ केला आणि त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. २०१३ मध्ये आलेल्या विकारसूचीच्या पाचव्या आवृत्तीतून तो विकार वगळण्यात आला. स्वतःला अलैंगिक म्हणवणाऱ्या व्यक्तीच्या इच्छेच्या अभावास विकार समजू नये, अशी नोंदही त्या आवृत्तीत करण्यात आली.

मराठी समाजाला शरीरसंबंधांचा त्याग अपरिचित नाही. समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, ही कथा येथे आदराने सांगितली जाते. आचार्य विनोबा भावे यांच्या आजन्म ब्रह्मचर्याविषयी सर्वांना आदर आहे. मात्र हा आदर व्रताला मिळतो. ज्याला इच्छा आहे आणि जो तिच्यावर ताबा मिळवतो, त्याची थोरवी गायली जाते. ज्याला मुळात इच्छाच नाही, त्याच्याविषयी समाज बुचकळ्यात पडतो. शिवाय संन्यासाची ती वाट बहुतांशी पुरुषांसाठी मोकळी होती. घरच्यांनी ठरवलेले लग्न आणि त्यामागून येणारे नांदणे, यांतून बाहेर पडण्यासाठी स्त्रीला कोणताही आदरणीय मार्ग नव्हता. रखमाबाईंना म्हणूनच न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

कायद्याची वाटचाल

रखमाबाईंच्या खटल्याने उठलेली चर्चा वाया गेली नाही. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी या बालिकेचा पतीच्या शरीरसंबंधामुळे झालेला मृत्यू न्यायालयापुढे आला आणि देश हळहळला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलींच्या बाबतीत ही मर्यादा दहावरून बारा वर्षे करण्यात आली. आज ती अठरा वर्षे आहे आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीलाही हे संरक्षण लागू केले. सज्ञान पत्नीच्या बाबतीत मात्र पतीने केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम ठेवण्यात आला.

नांदण्याचा दावाही कायद्यात राहिला. रखमाबाईंच्या निधनाच्या चार महिने आधी, मे १९५५ मध्ये, हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने सहवासाचा हुकूम मागण्याची मुभा दिली. कैदेची तरतूद तोपर्यंत गेली होती. हुकूम न पाळल्यास मालमत्तेवर टाच येऊ शकते. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. व्यक्तीच्या खासगीपणावर आणि देहावर ते आक्रमण करते, असा त्या निकालाचा आशय होता. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कलमाची वैधता उचलून धरली. ज्या इंग्लंडमधून ही कल्पना आली, तेथे १९७० च्या कायद्याने ती कालबाह्य झाली. भारतात २०१९ मध्ये या कलमाला सर्वोच्च न्यायालयात पुन्हा आव्हान देण्यात आले.

विवाह मोडण्याच्या बाजूनेही हाच विषय येतो. शरीराने सक्षम असलेली व्यक्ती मानसिक कारणाने संबंध ठेवूच शकत नसेल, तर विवाह रद्द होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये मान्य केले. २००७ मध्ये त्याच न्यायालयाने मानसिक क्रूरतेची जी उदाहरणे दिली, त्यांत सबळ कारणावाचून दीर्घकाळ केलेल्या एकतर्फी नकाराचा अंतर्भाव होता. जबलपूरच्या २०२४ मधील निकालाला हीच पार्श्वभूमी आहे.

दोन बाजूंचे दुःख

या निकालांमागे जोडीदाराचेही दुःख असते, हे विसरून चालणार नाही. ज्याने संसाराची, अपत्यांची स्वप्ने पाहिली, त्याला विनास्पष्टीकरण आयुष्यभर बांधून ठेवणे न्यायाचे नाही. अशा वेळी विवाहातून मुक्त होण्याचा मार्ग दोघांसाठीही मोकळा असावा, यात दुमत होण्याचे कारण नाही. अडचण येते ती नकार देणाऱ्यावर क्रूरतेचा शिक्का बसतो तेव्हा. शरीरसंबंधांचा तिटकारा असलेली व्यक्ती लग्नाला उभी राहते, ती बहुधा फसवणुकीच्या हेतूने नव्हे. आपल्या वृत्तीला नाव आहे, हेच तिला ठाऊक नसते. किंवा ठाऊक असूनही आईवडिलांपुढे ते उच्चारण्याची सोय नसते. लग्नानंतर सारे ठीक होईल, असा वडीलधाऱ्यांचा दिलासा असतो. मग दोन आयुष्ये एकाच वेळी पणाला लागतात.

लग्न ठरवताना पत्रिका, शिक्षण, पगार आणि घर यांची कसून चौकशी होते. मुलाला किंवा मुलीला लग्नच हवे आहे काय, सहजीवनाची तिची कल्पना काय आहे, हे विचारण्याची पद्धत आजही फार थोड्या घरांत आहे. हा प्रश्न वेळीच विचारला गेला, तर पुष्कळ प्रकरणे न्यायालयापर्यंत जाणारच नाहीत. अकरा वर्षांच्या रखमाबाईंना तो कोणी विचारला नव्हता. समज आल्यावर त्यांनी आपणहून उत्तर दिले आणि त्यासाठी चार वर्षे न्यायालयात, वृत्तपत्रांत आणि समाजात झुंज दिली.

अलीकडच्या काळात रखमाबाईंच्या स्मृतीला उजाळा मिळाला आहे. इतिहासकार सुधीर चंद्र यांनी १९९८ मध्ये या खटल्याचा सविस्तर अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. अनंत महादेवन यांनी त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट केला. त्यांच्या वैद्यकीय कार्याचा गौरव सर्वत्र होतो आणि तो उचितच आहे. त्यांच्या नकाराचा वारसा मात्र अजून पुरता स्वीकारला गेलेला नाही. देहाविषयीचा निर्णय ज्याचा देह त्याचाच, हे तत्त्व त्यांनी १८८४ मध्ये मुंबईत मांडले. ते तत्त्व विवाहाच्या उंबरठ्याआतही तितकेच खरे आहे काय, याचे निःसंदिग्ध उत्तर भारतीय कायद्याने अद्याप दिलेले नाही.